शेळीनं खाल्लेला पुणे जिल्हा

गोजराबाई धावत शाळेच्या आवारात पोहोचली, तोवर तिच्या कबऱ्या शेळीनं अर्धा पुणे जिल्हा खाल्ला होता. उरलेला अर्धा वाल्मीक मास्तरांच्या हातात होता, आणि मास्तर काय, शेळी काय, कुणीच सोडायला तयार नव्हतं.

तसं पाहिलं तर चूक मास्तरांचीही होती. नकाशा जुना, घड्यांवर फाटलेला. दुपारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार म्हणून त्यांनी तांदळाच्या पिठाची दाट खळ शिजवून तो धोतराच्या फडक्यावर चिकटवला आणि कुंपणावर वाळत घातला. नव्या तांदळाची खळ कोणती शेळी सोडील? गोजराबाईनं तिच्या जबड्यात बोटं घालून ओढलं, तोवर मास्तरांच्या हातातला अर्धाही आत गेला होता; हाती फक्त जुन्नर आलं.

मास्तर पायरीवर बसून राहिले. ते रागावले नाहीत, म्हणूनच गोजराबाई घाबरली. गेल्या खेपेला पोरांना इतिहास-भूगोल धड आला नव्हता. याही वेळी तसंच झालं तर कोळवणची पाचवी बंद होईल आणि पोरांना पौडाला चालत जावं लागेल, असं त्यांनी हळूहळू सांगितलं.

"मंग तुमी हातानं काढा की," ती म्हणाली.

पण मास्तर कऱ्हाडकडचे, चार महिन्यांपूर्वी बदलून आलेले. पुणे जिल्हा त्यांनी पाहिला होता तो नकाशातच, आणि त्याचं आता शेळी रवंथ करत होती.

गोजराबाईला अक्षर येत नव्हतं. मात्र भात निघालं की कोळवणच्या मोकळ्या खाचरांत मुक्काम करायचा, आणि पाऊस लागायच्या आत मेंढरं हाकत पार नीरा-भीमेपर्यंत जायचं, असं तिचं तीस वर्षं चाललं होतं. मेंढरं नवऱ्याच्या, गेणबाच्या, हवाली करून ती परतली आणि सारवलेल्या आवारात काठीनं रेघा ओढू लागली. पोरांनी चुलीतली राख आणली, तिच्या नद्या झाल्या. भाताच्या तुसाचे डोंगर झाले. मुळा कुठं वळते, मुठा तिला कुठं भेटते, भीमेला कुठं उतार मिळतो, हे ती सांगत गेली आणि पोरं राख ओतत गेली. राहिले किल्ले. सारवलेल्या आवारात खडा औषधालाही नव्हता. शेळी मात्र सकाळपासून तिथंच होती आणि तिनं मागं बरंच काही टाकलं होतं. त्यातून शिवनेरी, तोरणा, तिकोना, सिंहगड असे सगळे उभे राहिले.

साहेब घोड्यावरून उतरले आणि त्यांनी नकाशा मागितला. मास्तरांनी नुसतं जमिनीकडं बोट केलं. गोजराबाई दाराआड सरकली.

नीरा भीमेला कुठं मिळते, असं साहेबांनी विचारलं. सकाळी तिथंच राख ओतलेली पोरं एका सुरात नरसिंगपूर म्हणाली. घाटांची नावं आली, तालुके आले. साहेब खूश होऊन खाली वाकले आणि त्यांनी चिमटीत सिंहगड उचलला.

"किल्ले मोठे सुबक आहेत. कसलं बी हे?"

मास्तरांनी डोळे मिटले. गोजराबाई दाराआडून बाहेर आली.

"खाली ठेवा साहेब. सिंव्हगड हाय त्यो." साहेब ठेवू लागले. "तितं न्हाई, मुठंच्या पल्याड."

साहेबांनी मुकाट्यानं किल्ला जागेवर ठेवला. मग बाईची परीक्षा घ्यावी म्हणून त्यांनी विचारलं, की मावळे कडा चढून आले तेव्हा गडावरचा पहारा झोपला होता ना? त्यांनी आजवर सगळ्या शाळांत तसंच ऐकलं होतं.

"निजला नसंल," ती म्हणाली. "त्या कड्याखाली मी शेळ्या चारल्यात. तितनं शेळीबी चढत न्हाई. मंग पहारेकरी तिकडं कशाला बघंल?"

साहेबांनी जमिनीवरच्या सिंहगडाकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी वही काढून काहीतरी लिहिलं. जाताना सहज बोटं नाकाशी गेली, तशी त्यांनी मास्तरांकडं एकदा पाहिलं आणि रांजणापाशी जाऊन हात धुतले. दोनदा.

आठवड्यानं शेरा आला. पाचवी कायम. भूगोल उत्तम. मास्तरांनी नव्या नकाशासाठी अर्ज केला होता, त्यावर साहेबांनी लिहिलं होतं, की अशा शाळेला छापील नकाशाची गरज नाही. उलट आसपासच्या शिक्षकांनी ही पद्धत कोळवणला जाऊन पाहावी.

महिनाभरात अकरा मास्तर येऊन दाखल झाले. वाल्मीक मास्तर गोजराबाईच्या पालावर विनवायला गेले. तिनं फारसे आढेवेढे घेतले नाहीत, पण आवारात बसून काय कळणार, म्हणाली, आणि सगळ्यांना तिकोन्यावर घेऊन निघाली. धोतरं खोचून, धापा टाकत अकराही जण माथ्यावर पोहोचले. त्यांतले एक वयस्कर मास्तर सोळा वर्षं जिल्ह्यातल्या नद्या शिकवत आले होते. त्यांनी घाम पुसत खाली पाहिलं.

"ही चकाकते ती कोणती हो नदी?"

"पवना," गोजराबाई म्हणाली, आणि दगडावर ऐसपैस बसली. "बसा मास्तर. पयल्यापास्नं सांगते."