निकोलदानला सोपं लिनक्स

"सोपं! अगदी सोपं आहे!" असं तिहोमिर सरांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाहीर केलं आणि त्यांच्या पत्नीची, देसांकाबाईंची, नजर न्हाणीघराकडे गेली. छत्तीस वर्षं सर्बियातल्या किकिंदाच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या या माणसाने शेवटचं 'सोपं' म्हटलं होतं ते न्हाणीघराच्या नळाला. त्या नळाखाली अजून बादली होती.

"जुना कॉम्प्युटर नवी सिस्टीम पेलत नाही, म्हणून काय भंगारात द्यायचा?" सर गरजले. "लिनक्स टाकायचं! तीही सिस्टीमच, पण फुकट! साऱ्या जगाने मिळून बनवलंय."

"एवढ्या लोकांनी मिळून केलेलं धड असतं होय?" देसांकाबाई म्हणाल्या. "अहो, त्यापेक्षा नवा फोन घ्या की. सेंका त्यावरसुद्धा दिसेल."

"फोन? ती तंबाखूची डबी? माझा नातू मला पहिल्यांदा बघणार, तो डबीत?"

खरा जीव अडकला होता तो इथे. मुलगी सेंका टोरोंटोला. तिचा लाझार चार वर्षांचा झाला, पण आजोबा त्याला ठाऊक होते ते फक्त फोनवरच्या आवाजाने. मध्यंतरी त्याने आईला विचारलं होतं, "आजोबा खरे आहेत का?" हे ऐकल्यापासून सरांना जेवण गोड लागेना. यंदा निकोलदानला, म्हणजे घरच्या संताच्या सणाला, बरोबर बाराच्या ठोक्याला फादर येऊन सणाचा पाव कापणार, घरचे सगळे तो पाव हातांवर धरून फिरवणार आणि लाझार ते पडद्यावर बघणार, असं ठरलं होतं. तिकडे तेव्हा सकाळचे सहा. सेंका त्याला मुद्दाम उठवणार होती. सरांनी कॅमेराही आणून ठेवला होता.

राहिलं फक्त लिनक्स. आणि लिनक्स एक नाही, शेकड्यांनी आहेत, हे सरांना तेव्हा कळलं! मग ते गुरुवारी ग्रंथालयात लिनक्स मंडळाच्या बैठकीला गेले आणि अकरा सभासदांना भाबडेपणाने विचारून बसले, "नवशिक्याला सगळ्यात सोपं कुठलं?"

मग ग्रंथपालबाईंनी घाईघाईने खिडक्या लावून घेतल्या.

दोन तास भांडण झालं तरी उत्तर येईना. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! शेवटी सुटका करून घेण्यासाठी सर म्हणाले, "बरं बरं, निकोलदानला घरी या, तेव्हा बोलू."

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय यजमानाने दिवसभर बसायचं नसतं. उभं राहून पाहुण्यांना वाढायचं, ओतायचं, आणि पाहुणा म्हणेल त्याला मान डोलवायची. थोडक्यात, वर्षातून एकच दिवस असा, की तिहोमिर सरांना स्वतःच्या कॉम्प्युटरसमोर बसायची सोय नव्हती. नेमका तोच दिवस त्यांनी निवडला!

अकरापैकी दोघंच आले, ही संत निकोलाची कृपा.

पहिला नऊ वाजता आला, ओग्नेन. सरांचा जुना विद्यार्थी, आता नगरपालिकेत संगणक बघतो. सरांच्या गालांचे तीन मुके, वाइनची बाटली, आणि खिशातून पेनड्राइव्ह. "सर, 'करकोचा' नावाचं लिनक्स टाकतो. लहान मूलसुद्धा चालवील."

सरांनी त्याला राकिया, ती फळांची कडक दारू, ओतली, गहू-अक्रोडाचा गोड घास दिला, आणि दहा वाजता पडद्यावर करकोचा उभा राहिला. कॅमेरा लावला तर त्यात सरांचा स्वतःचा चेहरा! सत्तरी आली तरी चेहरा वाईट नव्हता. सर हरखले. "बघितलंस, देसांका? सोपं!"

"नळालाही असंच म्हणाला होतात," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

सव्वादहाला झार्को आला. हाही सरांचाच विद्यार्थी, सातवी ब मध्ये ओग्नेनच्या बाकावर बसणारा. दोघांनी एका नकाशाच्या वहीवरून एकमेकांचं नाक फोडलं होतं. झार्कोने पडद्याकडे पाहिलं आणि टोपी काढली, कुणी गेल्यावर काढतात तशी.

"करकोचा? नवशिक्याला? सर, तुमच्या वाईटावर कोण आहे?"

"अरे, चालतंय ते!" सर म्हणाले.

"आज चालतंय. उद्या?"

ओग्नेन हात धुवायला गेला होता. सर झार्कोसाठी घेवड्याची ताटली आणायला वळले. पाहुणा उपाशी ठेवायचा कसा? ताटली घेऊन परत येतात तो करकोचा साफ पुसलेला, आणि पडद्यावर एक घुबड डोळे वटारून बसलेलं!

"हे 'घुबड' लिनक्स खरं सोपं," झार्को म्हणाला.

"बरं. आणि कॅमेरा?"

"कॅमेरा नाही चालणार. त्याचा कोड बंद आहे, सर. आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही."

"मला आत बघायचं नाही रे! मला लाझारला बघायचंय!"

"तत्त्व म्हणून काही असतं, सर. तुम्हीच शिकवलंत."

सरांनी भूगोल शिकवला होता. पण पाहुण्याला उलटं बोलायचं कसं? त्यांनी मान डोलावली आणि राकिया ओतली.

तेवढ्यात ओग्नेन हात पुसत आला. "माझा करकोचा!" मग घुबड गेलं, करकोचा आला. ओग्नेन तळलेला मासा घ्यायला उठला, करकोचा गेला, घुबड आलं. सरांचा जीव टांगणीला! एका हातात बाटली, दुसऱ्यात मासा, आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. दहा चाळीस. अकरा. देसांकाबाई दारात येऊन म्हणाल्या, "अहो, दोघांना हाकला आता."

"आज? आज हाकलू? संत काय म्हणेल?"

"संत म्हणेल, सुटलो!"

सव्वाअकराला दोघांचं भांडण एकाएकी मिटलं, आणि खरा घात झाला तो तिथे. दोघांनाही एक गोष्ट पटली, की बाजारातलं कुठलंच लिनक्स सरांच्या लायकीचं नाही. तेव्हा सरांसाठी खास नवं लिनक्स करायचं! करकोच्याचा साधेपणा, घुबडाचं तत्त्व. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. झार्कोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाव 'तिहोमिर' ठेवू, सर!"

"ठेवा रे, पण कॅमेऱ्यासकट, आणि बाराच्या आत!"

बाराला पाच कमी असताना पडदा काळाकुट्ट होता. त्यावर पांढरी अक्षरं वाळवीसारखी सरकत होती.

"किती झालं?"

"एकवीस टक्के, सर."

आणि फादर गाव्रिलो आले. निकोलदान म्हणजे निम्म्या गावाचा सण. फादर वादळासारखे घरोघर फिरत होते.

"फादर, थोडं थांबता? कॅनडात नातू वाट बघतोय."

"तिहोमिर, आज सोळा घरं आहेत. संत थांबतील, सोळा घरच्या बायका थांबणार नाहीत." फादरनी काळ्या झग्यातून चकचकीत फोन काढला. "नंबर सांग सेंकाचा, व्हिडिओ लावतो. एका मिनिटाचं काम."

एका मिनिटाचं! सरांनी पडलेल्या चेहऱ्याने नंबर सांगितला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. सेंका बिचारी कॉम्प्युटरसमोर बसली असणार, फोन दुसऱ्या खोलीत. फादरनी फोन वाइनच्या बाटलीला टेकवून ठेवला, मेणबत्ती पेटवली, प्रार्थना म्हटल्या, पावावर वाइन ओतली. सरांनी आणि देसांकाबाईंनी पाव हातांवर घेऊन फिरवला. एका बाजूने ओग्नेन, दुसऱ्या बाजूने झार्को. नातवाच्या जागी पडद्यावर अडतीस टक्के. सरांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. फादरनी फोन झग्यात टाकला आणि शेजारी रादोयेच्या घरी गेले.

रादोयेशी सरांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. कुंपणावर वाकलेल्या अक्रोडाच्या फांदीवरून! आणि पाऊण वाजता तोच रादोये दारात उभा. स्वतःच्या घरचे पाहुणे टाकून आला होता. त्याच्या भरघोस पांढऱ्या मिशा थरथरत होत्या.

सर दचकले. पण आलेला तो पाहुणा. त्यांनी राकिया ओतली. "काय झालं?"

"तिहोमिर, रागावू नकोस. मी पाव फिरवत होतो. फादरचा फोन टेबलावर होता, तो वाजला, परदेशी नंबर. फादरचे हात गुंतलेले, म्हणून माझ्या सुनेने उचलला. त्यात एक पोरगं. मला म्हणालं, आजोबा!"

"लाझार?"

"नाव नंतर कळलं."

"आणि सेंका? सेंका कुठे होती?"

"आई कॉफी करतेय म्हणाला."

"मग तू सांगितलं नाहीस, की तू आजोबा नाहीस?"

"सांगणारच होतो रे. पण ते म्हणालं, आजोबा, तुम्ही खरे आहात! आता काय सांगू? मी म्हटलं, खरा आहे रे राजा." रादोयेने मिशा पुसल्या. "मला नातू नाही, तिहोमिर. मग फादरनी फोन घेतला आणि निघाले."

सरांना संताप आला, हसू आलं, पुन्हा रडू आलं. तेवढ्यात मागून दोघं एकदम ओरडले, "शंभर टक्के!"

काय चित्र होतं! स्वच्छ, झुळझुळीत, लाझारच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसत होता. सेंका ओरडली, "बाबा! अखेर! लाझार, हे बघ, आजोबा!"

लाझारने सरांच्या गुळगुळीत चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग मान तिरकी केली. सरांच्या खांद्यामागे रादोये ग्लास घेऊन उभा होता.

"लाझार, राजा," सर पडद्याजवळ वाकून म्हणाले, "मी..."

"अहो काका," लाझार म्हणाला, "जरा बाजूला सरका ना. आजोबा दिसत नाहीत."

तिहोमिर सर सरकले.