दामूशेठ, डॉक्टर नाही

दामूशेठ पाटलांनी आपल्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर लाल दोऱ्याने 'डॉक्टर नाही' असं भरून घेतलंय. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या हॉस्पिटलात बाकी सगळ्यांच्या खिशावर नावं आहेत, यांच्या खिशावर नकार आहे.

पहिल्याच दिवशी त्यावरून घोटाळा झाला. बाकावर एक आजोबा बसलेले. दामूशेठ समोरून गेले तसा आजोबांनी चष्मा वर करून खिसा वाचला आणि तरातरा माझ्या काउंटरवर आले. "डॉक्टर नाहीत तर आधी सांगायचं ना, बाई! उगाच रिक्षा करून आलो." त्यांना परत बसवेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. आणखी एक गृहस्थ तर ॲडमिट असेपर्यंत त्यांना 'नाहीसाहेब' म्हणत होते. त्यांना ते आडनाव वाटलेलं.

दामूशेठ आमच्या हार्टच्या विभागात फिजिशियन असिस्टंट आहेत. म्हणजे काय, ते मीही रिसेप्शनवर बसून बसूनच शिकले. डॉक्टर यायच्या आधी पेशंटची सगळी हकिकत विचारून घ्यायची, तपासायचं, रिपोर्ट लावून ठेवायचे, ऑपरेशनला डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहायचं आणि डॉक्टर निघून गेले की ते काय बोलून गेले ते पेशंटला समजावायचं. एवढं सगळं सांगायला दामूशेठना वेळ नसतो. ते म्हणतात, "आमी मधले."

लग्नासाठी मुली बघत होते तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे कंपाउंडर?"

"नाय."

"मग डॉक्टर?"

"नाय."

"मग नेमकं काय?"

"मधला."

ते लग्न मधेच राहिलं. पुढची दोन-तीनही तशीच राहिली, आणि मग दामूशेठनी तो नाद सोडला.

खरं सांगायचं तर दामूशेठना नोकरीची गरजच नाही. घोडबंदर रोडला त्यांच्या घरची भातशेती होती, खाडीच्या बाजूला मिठागरात आजोबांनी काम केलेलं. आता शेतावर टॉवर आहेत, आणि त्यातल्या एकात अठराव्या मजल्यावर दामूशेठ राहतात. "माज्या बेडरूमच्या बराब्बर खाली आमचा आंबा होता," ते सांगतात. "आता तिथं कोनाची तरी स्कूटर असते." भाऊ बिल्डर. दामूशेठ कामावर येतात ते लांबलचक काळ्या गाडीतून. त्यामुळे नवा वॉचमन लागला की पहिला आठवडा त्यांना सलाम ठोकतो आणि मागून साध्या गाडीतून येणाऱ्या करंदीकर मॅडमना अडवतो. करंदीकर मॅडम म्हणजे आमच्या हार्टच्या मोठ्या डॉक्टर. त्या काच खाली करून म्हणतात, "मीच ती. तो डॉक्टर नाही. खिसा वाच."

पेशंटला समजावण्याची दामूशेठची स्वतःची पद्धत आहे. पेशंट कुठून आला ते आधी विचारायचं. घोडबंदरचा असेल तर, "काका, तुमची ही नस म्हंजे आपला रोड, सकाळी नऊ वाजताचा. आता आपन तिथं स्टेंट टाकनार. घाबरू नका, मेट्रोचं काम नाय ते, त्याच दिवशी पुरा होतो." दिवा स्टेशनकडचा पेशंट असेल तर पाण्याची लाइन, बारीक धार आणि टँकर. एकदा एक बाई म्हणाल्या, मी मूळची नागपूरची. दामूशेठ पार अडकले. शेवटी म्हणाले, "ताई, जरा थांबा. मी चौकशी करून येतो."

पण त्यांचं खरं वेड वेगळंच. दर वर्षी कॉलेजातून फिजिशियन असिस्टंटची शिकाऊ मुलं येतात. दामूशेठ त्यांना कॅन्टीनमध्ये ओळीने बसवतात, चहा पाजतात आणि एकच प्रश्न विचारतात, "कनाला आलास?" म्हणजे, कशाला आलास.

कोणी म्हणालं 'समाजसेवा', की ते चहा पुढून काढून घेतात. "सेवा करायची तर देवलात जा. इथं पेशंट तुज्या अंगावर ओकनार हाय. मंग सांग." कोणी म्हणालं 'बाहेरच्या देशात याला फार मान आहे', तर, "मंग विमान कवा हाय?" मागच्या बॅचमधला एकजण मान खाली घालून म्हणाला, "सर, डॉक्टरकीला मार्क कमी पडले." दामूशेठनी त्याला स्वतःची बिस्किटं दिली. "ह्यो खरा बोलला." आणि दिव्याची ऋतुजा म्हणून एक मुलगी होती, ती म्हणाली, "डॉक्टर व्हायला दहा वर्षं लागतात, सर. आमच्या घरी एवढं कोणी थांबणार नाही. पण मला दवाखान्याचा वास आवडतो." दामूशेठनी तिच्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाले, "हिला माज्याबरोबर द्या."

त्यांना स्वतःला कोणी उलट विचारलं तर दर वेळी नवं उत्तर. करंदीकर मॅडमना सांगितलं, "तुमच्यावानी अक्कल नाय म्हनून." भावाला सांगितलं, "तुज्या टॉवरची लिफ्ट बंद पडते. जिना चढून लोकांना कायबाय झाला तर घरात कोन तरी पायजे ना." मला त्यांनी खरं सांगितलं, तेही मी विचारलं नव्हतं म्हणून.

त्यांची आई हार्टच्या दुखण्याने आजारी पडली तेव्हा दामूशेठ तिशीत होते, भावाच्या ऑफिसात बसून फाइली इकडच्या तिकडे करत. कुठल्याशा हॉस्पिटलात आईला ठेवलेलं. मोठे डॉक्टर आले, भराभर बोलले, गेले. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. डॉक्टर दाराबाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "दाम्या, काय बोलला रं त्यो?"

"मना तरी कुठं कलला, मीनाताई?" दामूशेठ मला म्हणाले. "ती हो हो करत होती म्हनून मी पन हो हो. दोघांना वाटलं, दुसऱ्याला समजलं."

मग एक केरळचा मुलगा आला. त्याला मराठी येत नव्हती, हिंदीही तोडकीमोडकी. तो स्टूल ओढून बसला आणि जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर पंप काढला. "अम्मा, मोटर अच्छा. पाइप में कचरा." आई खळखळून हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. नंतर आठवडाभर ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "मोटर अच्छा हाय बरं माजी."

"तो मुलगा कोन, विचारलं. बोलला, फिजिशियन असिस्टंट. मी बोललो, डॉक्टर व्हायचा डोका मना नाय. पन स्टूल ओढून बसायला तर मना येतो." आणि तिशीतले दामूशेठ अठरा वर्षांच्या पोरांत जाऊन बसले. पहिल्या दिवशी अख्खा वर्ग उभा राहिला म्हणे, सर आले समजून.

आई पुढे बरीच वर्षं जगली. ती गेल्यानंतर दामूशेठना एक नवी सवय लागली. घरी गेलेल्या पेशंटना ते फोन करायला लागले. गोळी घेतली का, चाललात का, मीठ कमी केलं का. महिना-दोन महिने ठीक आहे. पण डोंबिवलीच्या लेले काकूंचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं तरी दामूशेठ दर रविवारी ठाण्याहून त्यांच्या घरी जाऊन बीपी बघत होते. काकू शाळेतून रिटायर झालेल्या, मुलगी बंगळुरूला, घरात एकट्या.

हे करंदीकर मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मीना, तू डोंबिवलीलाच राहतेस ना? या रविवारी जाऊन ये. बाई ठणठणीत आहेत, मीच तपासलंय. भिडेपोटी त्यांना नाही म्हणता येत नसेल तर मी हे बंद करायला सांगते. उद्या कोणी तक्रार केली तर त्याच्यावर शेकेल."

मी गेले. दार उघडंच होतं. दामूशेठ काकूंच्या दंडाला पट्टा बांधून बसलेले, चेहरा असा की जणू ऑपरेशनच चाललंय. मी 'सहज आले' म्हटलं. खरं वाटलं नसणार, पण काकूंनी मोकळ्या हाताने खुर्ची दाखवली.

"बीपी बरोबर हाय," दामूशेठ म्हणाले. "भोवल कशी हाय?"

"येते अधूनमधून," काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. "काल संध्याकाळीसुद्धा आली होती."

"मंग पुढच्या रविवारी परत बघू." दामूशेठ उठून स्वयंपाकघरात गेले. घरून तांदळाचं पीठ घेऊन आलेले, काकूंना भाकऱ्या थापून द्यायला. आतून थापण्याचा आवाज यायला लागला तशी काकूंनी माझं मनगट धरलं.

"मला भोवळबिवळ काही येत नाही हो," त्या कुजबुजल्या. "रोज सकाळी मी बागेत चार फेऱ्या मारते. पण अगदी बरी आहे म्हटलं, तर तो यायचा कसा? आई गेल्यापासून त्या अठराव्या मजल्यावर एकटा असतो. रविवारी कोणाशी बोलणार? तुम्ही मॅडमना सांगू नका हं."

मी मान हलवली. भाकरी मात्र खाल्ली. फार मऊ होती.

निघताना दामूशेठ मला सोडायला खाली आले. गेटपाशी थांबून म्हणाले, "मॅडमनी पाठवलं ना तुमाला?"

मी पर्समध्ये रिक्षासाठी सुटे पैसे शोधायला लागले.

"मना म्हायती हाय, काकूंना काय झालेला नाय. भोवल येनारी बाई स्टुलावर चढून माल्यावरचा डबा काढील? मी बघितलंय, मागं एकदा लवकर आलो तेव्हा." ते वर खिडकीकडे बघत होते. "पन बाई एकटी हाय. तिला वाटतं, आजारी नसली तर कोन येनार? मंग मी पट्टा बांधतो. मॅडमना सांगू नका, हां. तिला वाईट वाटंल."

वर खिडकीत काकू उभ्या होत्या. आम्ही बघितलं तसा त्यांनी पटकन कपाळाला हात लावला.

सोमवारी मॅडमनी फाइल बाजूला सारून विचारलं, "काय गं? बंद करायला सांगू?"

काय सांगायचं ते मी वाटेत ठरवून आलेले. तोंडातून भलतंच निघालं. "नको, मॅडम. दोघांचीही तब्येत अजून तेवढी बरी नाहीये."

मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. मग चष्मा काढून पुसत बसल्या. मॅडमच्या घरीही, मिस्टर गेल्यापासून, स्वयंपाकाच्या बाईंशिवाय कोणी नसतं, हे हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत आहे.

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "रविवारी साधारण किती वाजता जातो तो?"