ओळखपत्र दाराखालून सरकवा

आमच्या घराण्यात डोळे झाकून माणसांवर विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती मी आहे. ही बढाई नाही, निरीक्षण आहे. बाकी सगळे जन्मजात संशयी. आई दूधवाल्यासमोरच दुधाचा वास घेते, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघते, मग पुन्हा वास घेते. आत्या भाजीवाल्याच्या तराजूवर आधी स्वतःची पर्स ठेवून बघते, कारण पर्सचं वजन तिला पाठ आहे. आणि बाबांचं तर कुलुपांचं दुकानच आहे. म्हणजे आमची चूलच मुळी लोकांच्या संशयावर पेटते.

अशा घरातली मी मानसशास्त्राकडे वळले, आणि नुसती वळले नाही, पीएच.डी.च करणार म्हणून हटून बसले. घरच्यांना हा प्रकार पहिल्यापासून संशयास्पद वाटला.

"शिकवणार ते, आणि वर महिन्याच्या महिन्याला पैसेही तेच देणार?" बाबांनी विचारलं. "कशाबद्दल?"

"संशोधनाबद्दल."

"कशावर संशोधन?"

"माणसांच्या मनावर."

"त्या माणसांना माहीत असतं का?"

"कधीकधी नसतं."

"बघ," बाबा आईकडे वळून म्हणाले, "मी म्हटलं होतं ना."

गेल्या वर्षी माझी मुलाखत सपशेल आपटली होती. 'या विषयाकडे कशा वळलात?' असं परीक्षकांनी विचारलं आणि मी 'आवड म्हणून' एवढं बोलून त्यांच्याकडे बघत बसले. यंदा जागा एकच होती आणि बाबांची अटही एकच. यंदा झालं तर झालं, नाहीतर मुकाट्याने गल्ल्यावर बसायचं. मला ती जागा फार हवी होती. रात्री झोपेत मी परीक्षकांना नमस्कार करते, असं आईने सांगितलं, अर्थात माझी झोप खरी आहे की सोंग हे दोनदा तपासून.

म्हणून मी सल्ला घ्यायला 'अनुभवी'कडे गेले. हा आमच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी. त्याने ही मुलाखत इतक्यांदा दिली आहे की तेवढ्यात परीक्षक निवृत्त झाले. त्याने मला उत्तराचं एक आख्खं पान लिहून दिलं. सुरुवात अशी: 'मानवी मनाच्या अथांग डोहात डोकावण्याची ओढ मला बालपणापासूनच अस्वस्थ करीत आली आहे.' वाचून मला स्वतःबद्दल आदर वाटला. मी ते घोकून पाठ केलं.

मग अनुभवीने आवाज खाली आणला. "पण एक लक्षात ठेव. मुलाखत आत नसतेच. ती बाहेर असते. मानसशास्त्राची माणसं आहेत ती! आत बोलावून प्रश्न विचारणं ही नुसती धूळफेक. बाहेर खुर्ची हलायला लागली, घड्याळ बंद दिसलं, कोणी येऊन काही विचारलं, की समजायचं."

"काय समजायचं?"

"ते मला कळलं असतं तर मी अजून बाहेर असतो का?"

मुलाखतीच्या दिवशी बाबा दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर आले. सोडायला नव्हे, नजर ठेवायला. फाटकाजवळच्या बाकावर ते हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. ही पिशवी ते दाताच्या डॉक्टरकडे जातानाही सोडत नाहीत. "काही गडबड वाटली तर फोन कर," ते म्हणाले. "तोवर मी इमारतीला मागचं दार आहे का बघून ठेवतो."

वर प्रतीक्षाखोलीत पाऊल टाकलं आणि आधी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. खुर्चीवर बसले तर खुर्ची हलली. अनुभवी तर अगदी देवमाणूस निघाला! मी ताठ बसले, खुर्ची हलत नसल्यासारखी, आणि घड्याळात कॅमेरा असलाच तर असू दे म्हणून त्याच्याकडे बघून सौम्य हसले.

बाकीच्यांच्या मुलाखती सकाळीच उरकल्या होत्या. परीक्षक जेवायला गेले होते. समोरच्या बाकावर हिरवा स्वेटर घातलेली एक मुलगी तेवढी होती, आणि ती रडत होती. मी लगेच सावध झाले. मग तिच्या नाकाकडे नीट पाहिलं. नाक वाहत होतं. खोटं रडणाऱ्याचं डोळ्यांपर्यंत ठीक असतं, नाकापर्यंत त्याची मजल जात नाही, हे माझं पक्कं शास्त्रीय मत आहे. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि माझा रुमाल दिला.

"मला काही सुचतच नाहीये," ती म्हणाली. "इथे का आलात असं विचारलं तर काय सांगायचं? तुम्ही का आलात?"

आता हिला डोह काय सांगायचा? बिचारी आधीच रडत होती. मग मी तिला आमच्या दुकानाबद्दल सांगितलं. लहानपणी शाळा सुटली की मी गल्ल्यामागे बसून अभ्यास करायचे आणि गिऱ्हाइकं बघायचे. एकदा एक माणूस आला, त्याला भावाबरोबरच्या सामाईक कपाटासाठी मोठं कुलूप हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला, त्याला त्याहून मोठं हवं होतं. एक आजी रिकाम्या ट्रंकेसाठी कुलूप घेऊन गेल्या. म्हणाल्या, आत काही नाही गं, पण सुनेला वाटायला हवं ना, काहीतरी आहे म्हणून. आणि गंमत म्हणजे हीच माणसं जाताना जास्तीची किल्ली बाबांकडे ठेवून जायची. बायकोवर विश्वास नाही, भावावर नाही, पण रस्त्यावरच्या कुलूपवाल्यावर आहे. हे कसं काय होतं, ते मला लहानपणापासून कळलेलं नाही. ते एकदा कळून घ्यायचं आहे, बस.

"छान आहे," ती नाक पुसत म्हणाली. "आत हेच सांगा."

"छे, आत सांगायचं वेगळं पाठ केलंय."

ती तोंड धुऊन येते म्हणून उठून गेली. तेवढ्यात विभागप्रमुख बाई आणि दोन सर जेवून आले, मुलाखतीच्या खोलीत शिरले आणि दार लागलं. थोड्या वेळाने आतून खडखड ऐकू आली. मग काहीतरी धातूचं खाली पडलं. मग एक सर म्हणाले, "अरेच्चा."

कार्यालयातले काका धावत आले. त्यांनी किल्ली लावली, ती फिरेना. जोर केला, ती तुटली. "ताई, आतली मूठ निघाली वाटतं," ते मला म्हणाले. "साहेबलोक अडकलेत. आता काय करायचं?"

"असं का?" मी म्हटलं आणि जाणकारासारखी हसले.

काकांनी कुठूनसा स्क्रूड्रायव्हर आणला आणि चक्क उलटा फिरवायला लागले. निघणारा स्क्रू जास्तच घट्ट होत होता! ज्या माणसाने आयुष्यात एकदा जरी स्क्रू काढला असेल तो असं करणार नाही. म्हणजे हे काका कर्मचारी नव्हेतच. इतक्या चुकीच्या पद्धतीने स्क्रू पिळणारा माणूस प्राध्यापकच असणार.

आता खरी परीक्षा सुरू झाली हे मी ओळखलं. अडचणीतल्या माणसाला कोण मदत करतं, हा प्रयोग आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच आहे. उठून मदत करायची, पास व्हायचं. पण हे मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असणार. म्हणजे जो उठेल तो पाठांतराचा पोपट ठरणार. खरा संशोधक काय करतो? ढवळाढवळ करत नाही, निरीक्षण करतो. मी पायावर पाय टाकून निरीक्षण करू लागले. तसलं कुलूप मी सातवीत असल्यापासून डाव्या हाताने उघडते, हा भाग निराळा.

"बाहेर कोणी आहे का?" आतून दार बडवत सर ओरडले.

"मी आहे," मी प्रसन्नपणे म्हणाले. "तुमचं चालू द्या."

काका जिन्यावरून खाली पळाले ते कुलूपवाल्याला शोधायला. फाटकाशीच त्यांना एक जण पिशवीसकट सापडला. बाबा वर आले, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन ते कानात म्हणाले, "तू कोंडलंस त्यांना?"

"नाही हो बाबा! प्रयोग चालू आहे. त्यांचे तेच आत बसलेत."

"स्वतःहून?" बाबांच्या भुवया वर गेल्या. "कशाला?"

झालं. संशय नावाची वस्तू एकदा बाबांच्या डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला किल्ली नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हाताची घडी घातली. आमच्या दुकानाचा नियमच आहे. खोलीचा मालक कोण हे पटल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही.

"आत कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"मी विभागप्रमुख बोलते आहे."

"कशावरून?"

आत कोणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "ओळखपत्र दाराखालून सरकवा," बाबा म्हणाले.

थोडी कुजबुज झाली आणि एक ओळखपत्र सरकत बाहेर आलं. बाबांनी ते उजेडात धरलं. "यातल्या बाईंचे केस काळे आहेत."

"तेव्हा होते," आतून हळूच उत्तर आलं.

प्रयोग असो नसो, माझ्या एकुलत्या एक जागेचं काय होणार हे आता दिसू लागलं होतं. मी बाबांची बाही ओढली, पण बाबांच्या हाती इतक्या वर्षांत असे परीक्षक लागले नव्हते. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. संशोधन करणाऱ्यांना पैसे वेळेवर मिळतात का? "बहुतेक वेळा," आतले सर म्हणाले. विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरची कामं सांगता का? "मी नाही सांगत," एक सर म्हणाले. दुसरे काहीच बोलले नाहीत. अर्धवट सोडून गेलेले किती? आत बोटांवर मोजल्याची कुजबुज झाली. मग आवाज आला, "आहेत बरेच." बाबांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

एवढ्यात बाई बोलल्या. "अहो, मला बंद खोलीत घुसमटायला होतं. पंखाही चालत नाहीये. उघडा ना हो..."

शेवटचा शब्द नीट फुटला नाही. तो आवाज मला ओळखीचा होता. दुकानात कधीकधी माणसं धावत येतात, मूल घरात राहिलेलं असतं आणि किल्लीही घरातच. ती माणसं अशीच बोलतात. हे खरं होतं. हे पहिल्यापासून खरं होतं, आणि मी पायावर पाय टाकून बसले होते.

मी फाइल उघडली, आतला डोह जमिनीवर पडला, फाइलचं प्लास्टिकचं कव्हर फाडलं आणि दाराच्या फटीत सारलं.

"थांब," बाबा म्हणाले, "अजून दोघांची ओळखपत्रं आलेली नाहीत."

मी खांद्याने धक्का दिला आणि दार उघडलं.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी घाम पुसला, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही उमेदवार?"

"हो."

"इतका वेळ बाहेरच होतात?"

"हो."

"आणि हे दार तुम्हाला उघडता येत होतं?"

"हो."

"मग उघडलं का नाही?" एका सरांनी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही नाटक करताय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बहुधा सवयीनेच बाईंनी विचारलं, "या विषयाकडे कशा वळलात?" डोहाचा पहिला शब्दही मला आठवेना. तो कागद दारात पडला होता आणि त्यावर काका उभे होते. "बाबांचं कुलुपांचं दुकान आहे," एवढंच मी म्हणाले.

"नवीन कुलूप बसवून देईन," बाबा दारातून म्हणाले. "पावती मिळेल."

"या आता तुम्ही," बाई म्हणाल्या. दोघांनाही.

घरी जाताना मी वाटभर रडले. दुकानापाशी आल्यावर बाबांनी खिशातून गल्ल्याची किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली, आणि ती मी नीट धरली आहे ना हे बघितलं. पुढचे काही दिवस मी गल्ल्यावर बसून कुलपं पुसली. मग एक दिवस फोन आला. माझी निवड झाली होती.

"कशावरून?" मी विचारलं.

"मुलाखतीवरूनच म्हणायचं," बाई पलीकडून म्हणाल्या. "पण आतल्या नव्हे. आत सगळे पाठ केलेलं म्हणतात, त्यावर आम्ही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून बाहेर आमची एक विद्यार्थिनी बसवतो. हिरवा स्वेटर."

मी खाली बसले. खुर्ची हलली नाही. त्या सगळ्या दिवसात ज्या एकाच व्यक्तीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला, तीच तेवढी खोटी होती! "पण तिचं नाक वाहत होतं," मी म्हणाले.

"तिला सर्दी झाली होती," बाई म्हणाल्या.

घरी सांगितल्यावर आईने आज एक एप्रिल तर नाही ना असं विचारलं, आत्याने बाईंचा नंबर विचारला. बाबा मात्र पहिल्यांदाच खूश झाले. जी माणसं समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत आणि बाहेर आपला माणूस बसवतात, ती चांगल्या घरातलीच असणार, असं ते म्हणाले. विभागाच्या दाराला त्यांनी स्वतः जाऊन नवीन कुलूप बसवलं. जास्तीची किल्ली बाईंनी आमच्याकडेच ठेवली आहे.

मी रुजू झाले. पुढच्या महिन्यात आणखी एका जागेसाठी मुलाखती आहेत आणि बाकावर बसून रडायचं काम या वेळी माझ्याकडे आलं आहे. आरशासमोर सराव चालू आहे. डोळ्यांत पाणी झकास येतं, पण नाक काही केल्या वाहत नाही.