भाषणापुरती मुलगी

"लेकरू कडेवर घेऊन भाषन करनार, आन हे मला आता सांगायलात?" सुमंगलाने इस्त्रीचा कोट नवऱ्याच्या अंगावर जवळजवळ फेकलाच.

"चर्चच्या पाळकसाहेबांची कल्पना हाय," व्यंकटराव म्हणाले. "नुसत्या बोलण्यानं लोकांचं मन पाघळत न्हाई. बालगृहातून एक मुलगी मागवलीय. भाषणापुरती."

"भाषनापुरती," सुमंगला म्हणाली, आणि ते अशा आवाजात की व्यंकटरावांनी वरचं बटण खालच्या काजात घातलं.

व्यंकटराव परभणीच्या कृषी विद्यापीठात कारकून आणि चर्चचे सेक्रेटरी. पोरक्या मुलांना घर द्या, हे ते वर्षानुवर्षं व्यासपीठावरून सांगत आले होते. त्यांच्या स्वतःच्या घरात पाळणा हलला नव्हता. सुमंगलाने मूल आणायचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "माझी ना न्हाई. पन आईला चालनार न्हाई. म्हातारीचा जीव दुखवायचा का?" म्हातारी म्हणजे धुरपताबाई. ती राणीसावरगावला शेत सांभाळून राहायची. वर्षातून एखादी चक्कर टाकायची, तेव्हाही सासू-सून भाकरी-कालवणापलीकडे बोलत नसत. सुमंगला तिच्यावर मनातल्या मनात दात खायची.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. पाळक दिनकररावांनी सुरुवातीलाच खुलासा केला, की ही मनकर्णा, वय वर्षं तीन, फक्त आजच्या जनजागृतीसाठी आणली आहे. व्यंकटरावांनी तिला उचललं. तिने त्यांच्या कॉलरला नाक पुसलं आणि भाषण सुरू झालं.

"या लेकराला तुमचे जुने कपडे नकोत, तुमचं दार हवंय. देवानं आपल्याला लेकरं म्हणून जवळ केलं, आणि आपण कडी लावून बसायचं?"

भाषण असं रंगलं की बायकांचे पदर भिजले. मनकर्णा खांद्यावर झोपून गेली. मग पाळकांनी विचारलं, "कोण पुढं येतं?" सगळ्या मंडळीने ताबडतोब डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. डोळे मिटलेल्या माणसाला कुणी पुढे बोलावत नाही, हे जुन्या सभासदांना पक्कं ठाऊक होतं. आमेन झाल्यावर प्रत्येकाने पोरीच्या गालाला हात लावला, कुणी खिशात केळं कोंबलं, आणि अंतःकरण मोकळं करून एकेक जण बाहेर पडू लागला. संताप येतो तो अशा माणसांचा. रडायला ती नेहमी तयार असतात.

बालगृहाच्या सुलाबाई पुढे आल्या. "द्या साहेब, तिची जेवायची येळ झाली." व्यंकटराव भाड्याची खुर्ची परत करावी तशी मुलगी परत करायला निघाले.

नेमक्या त्याच वेळी धुरपताबाई दारात उभी राहिली. नामांतराच्या मोर्चात तिची एसटी गंगाखेडलाच अडकली होती. त्यामुळे खुलासा आणि भाषण दोन्ही चुकलं. तिला दिसलं एवढंच, की लेकाच्या खांद्यावर मूल झोपलंय आणि गाव त्याचे गाल कुरवाळतंय. तिने गाठोडं खाली टाकलं, पोरगी काढून घेतली आणि पाळकांच्या देखत तिच्यावरून हात ओवाळून दृष्टीची कडाकडा बोटं मोडली.

"आनलंस का रं शेवटी? मला सांगावा तरी धाडायचास."

"आई, ऐक तर..."

ऐकतो कोण? गाठोड्यातली गुळाची ढेप फुटली. दारातल्या लोकांच्या हातावर गूळ पडला. बाहेर गेलेले परत आले. "सेक्रेटरींनी करून दाखवलं," म्हणत त्यांनी व्यंकटरावांचे हात दाबले. स्वतःची सुटका झाल्याचा आनंद प्रत्येकाच्या तोंडावर मावत नव्हता. पाळकांनी तर घाईघाईने उपकारस्तुतीची प्रार्थनाही उरकली.

"आई, ही आपली न्हाई," व्यंकटराव कसेबसे म्हणाले. "परत द्यायचीय."

"परत? कामून?"

सुमंगला पुढे झाली. "तुमाला चालत न्हाई म्हनून, आत्याबाई."

"मला? मला कुनी इचारलं? दर नाताळाला मीच ह्याला म्हनते, एखादं लेकरू आना. हा म्हनतो, सुमंगलाला परक्याचं नको हाय."

दोघींनी एकदमच व्यंकटरावांकडे पाहिलं. तोंडात गूळ असूनही ते कडू झालं.

"मी तुमाला मनात लय वंगाळ बोलले," सुमंगला रडत म्हणाली. तिचं रडणं रागाचं होतं.

"मी बी तुला बोलले. आता दोघी मिळून ह्याला बोलू."

व्यंकटरावांनी शेवटचा खांब धरला. "पन आपन ख्रिस्ती. कायद्यात आपल्याला दत्तक बसत न्हाई."

"पालकत्व बसतंय. कोर्टातून," सुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "आत्ताच भाषनात तुमीच सांगितलंत."

नियमाप्रमाणे मनकर्णा त्या दिवशी बालगृहात परत गेली. सुमंगला फाटकापर्यंत तिच्यामागे गेली आणि रोज जात राहिली. कोर्टाच्या चकरा झाल्या. प्रत्येक चकरेला व्यंकटराव बायको आणि आईच्या मधे बसून गेले, आणि त्या रस्त्यात दोघींनी त्यांना काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. उन्हाळा संपता संपता मनू घरी आली.

तिचं बस्तान बसतं न बसतं तोच पाळक दारात हजर. "व्यंकटराव, येत्या रविवारी गंगाखेडच्या मंडळीत भाषण आहे. मनूलाही घ्या. तिच्याकडं पाहून लोकांची मनं कशी हेलावतात."

सुमंगला पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. आज तिचा आवाज चढला नाही.

"मनू कुटं बी जानार न्हाई. ह्यांना घेऊन जा. आन तिकडं कुनी ठेवून घेतो म्हनलं, तर आमची ना न्हाई."