स्वच्छ कापलेली अळंबी

एका जंगलात सहा महिने बर्फ असायचा आणि उरलेले सहा महिने बर्फाच्या गप्पा असायच्या. त्या जंगलात एक रानडुक्कर राहत होतं. मुलांनो, हसू नका. ते डुक्कर म्हणजे मीच.

जंगल भूर्जाचं होतं. भूर्ज म्हणजे पांढऱ्या सालीचं झाड. त्याची साल कागदासारखी सुटते. त्यामुळे आमच्याकडे लिहायला जागा भरपूर होती, लिहिणारे मात्र थोडे. मी तर त्यांतला नव्हतोच. चौथीत असताना माझ्याखालचा बाक मोडला. गुरुजी म्हणाले, नवा बाक येईपर्यंत घरी थांब. मी अजून थांबलोय.

पण एक काम मला येत होतं. थंडीच्या आधी भूर्जाखालच्या कुजक्या पानांतून अळंब्या वर येतात. त्या शोधणं मला हौसामावशीनं शिकवलं होतं. मावशीची पद्धत साधी होती.

"आधी नाक लाव," ती म्हणायची. "मग वर बघ, झाड कुठलं ते. मग मुस्कटानं बुडापासून उकर. बुडाशी फुटक्या अंड्यासारखी वाटी दिसली की पाठ फिरवायची. खात्री नसली तर उपाशी झोपायचं. उपाशी झोपलेलं डुक्कर सकाळी उठतं."

या पद्धतीत खोट एकच. अळंबी चिखलानं माखून निघायची. आणि मीही.

त्या वर्षी घुबडसरांनी अळंबी-ओळख वर्ग काढला. वर्ग दिवसा भरायचा. घुबडाला दिवसा धड दिसत नाही, हे खरं. पण रात्री विद्यार्थी झोपतात. म्हणून सरांनी अळंबी बघून ओळखायची भानगडच ठेवली नाही. त्यांनी भूर्जाच्या सालीवर तक्ता केला.

लाल टोपी, पांढरे ठिपके असतील तर वाईट. तपकिरी टोपी, जाड देठ असेल तर चांगली. पांढरी, स्वच्छ आणि सुबक असेल तर उत्तम.

खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : अळंबी सुरीनं देठातून कापावी. माती आणणाऱ्यास प्रवेश नाही.

मी नाव घातलं. वर्गात खारूताई भेटली. ती अळंब्या फांद्यांना अडकवून वाळवते, त्यामुळे स्वतःला जाणकार समजते.

"अगोबाई, डुकरा, तू? नाकाला सुट्टी दिलीस वाटतं?"

"शिकावं म्हणतो, ताई."

"शीक बाबा. पण आधी पाय पूस. मी आत्ताच शेपटी विंचरलीय."

मी चारही पाय पुसले. मुस्कट ओढ्यात धुतलं. खरं सांगायचं तर मला शिकायचं नव्हतं. मला अस्वलकाकांच्या शेजारी बसायचं होतं.

त्याचं असं आहे. आमच्या जंगलात थंडी पडायच्या आधी अस्वलकाकांना पातेलंभर अळंब्यांचा रस्सा खायला घालतात. मग ते गुहेत जाऊन वसंतापर्यंत झोपतात. त्या वर्षी सरांनी जाहीर केलं, की ज्याची टोपली सर्वांत स्वच्छ, त्याच्याच अळंब्या पातेल्यात जातील आणि तो काकांच्या शेजारी बसेल. माझ्या शेजारी तोवर कोणी बसलेलं नव्हतं. वास येतो म्हणत.

परीक्षेच्या दिवशी मी शिंपलीची सुरी तोंडात धरून निघालो. एका म्हाताऱ्या भूर्जाखाली पांढऱ्या अळंब्या उभ्या होत्या. टोपी पांढरी, टोपीखालच्या झालरी पांढऱ्या, देठ पांढरा. इतक्या स्वच्छ की मला माझीच लाज वाटली.

नाक म्हणालं, "अरे."

मी नाकाला म्हणालो, "तू किती शिकलायस?"

मी देठ सपासप कापले. बुडं मातीतच राहिली. टोपलीत मातीचा कण नव्हता.

घुबडसरांनी एक डोळा अर्धा उघडला. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात प्रगती. काल हे डुक्कर होतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ओकच्या पानाचा बिल्ला मिळाला.

संध्याकाळी पंगत बसली. पातेलं रटरटत होतं. अस्वलकाका डुलत आले.

"कोणी आणल्या रे अळंब्या?"

"मी, काका."

"तू? आणि एवढा धुतलेला? बरं नाही का?" ते हसले आणि त्यांनी शेजारची जागा थोपटली. "ये, बस. लाजतोस काय लेका!"

मी बसलो. मुलांनो, तेवढा वेळ मी फार सुखात होतो.

मग पातेल्यावरची वाफ माझ्याकडे वळली. शिळ्या मधासारखा गोडसर वास आला. नाकानं या वेळी परवानगी विचारली नाही.

"आलोच," म्हणून मी पळालो. म्हाताऱ्या भूर्जाखाली गेलो आणि कापलेलं एक बूड उकरलं. खाली वाटी होती. फुटक्या अंड्यासारखी.

मावशी सांगायची, अशा अळंबीचं विष शिजवून जात नाही. खाणाऱ्याला दिवसभर काही होत नाही, ढेकरही छान येतात. मग दुसऱ्या दिवशी तो आडवा होतो. आणि अस्वलकाका तर जेवले की आडवेच होणार होते. ते झोपलेत की गेलेत, हे वसंतापर्यंत कोणाला कळलं नसतं.

ते बूड तोंडात धरून मी परत आलो आणि सरांच्या फांदीखाली ठेवलं.

"सर, बुडाशी वाटी आहे."

"आपल्या अभ्यासक्रमात बूड नाही."

"पण सर, माझी मावशी म्हणायची..."

"मावशीचं शिक्षण?"

"नाही, सर."

"तुझं?"

"बाक मोडला, सर."

"आणि ही माती कोणी आणली?" सर म्हणाले. "ती आधी बाहेर टाकून ये."

तिकडे काकांनी पळी उचलली होती. ओरडायला हवं होतं. पण दोघांपेक्षा जास्त जण समोर असले की मला ओरडता येत नाही. शिवाय बिल्ला छातीवर होता. विषारी अळंबी मीच आणली, हे सांगितलं असतं तर बिल्ला गेला असता. हा विचार मी केला. काकांची पळी तोंडाकडे जात असताना केला. लपवत नाही.

मग मी पाय वर केला.

"शंका जेवणानंतर," सर म्हणाले.

मला भाषण येत नव्हतं, वाद येत नव्हता. मला एकच गोष्ट नीट येत होती. मी मान खाली घातली आणि धावत जाऊन पातेल्यात मुस्कट खुपसून ते उलथवलं. मुस्कट भाजलं. काकांची पळी कुठल्या कुठे उडाली. रस्सा पानांत मुरला. कोणी चाटू नये म्हणून मी मागच्या पायांनी त्यावर माती लोटली.

ते दृश्य चांगलं दिसत नव्हतं, हे मला मान्य आहे.

"शी!" खारूताई किंचाळली. "एक दिवस, एकच दिवस नीट वागला असतास तर काय बिघडलं असतं रे मेल्या?"

सरांनी बिल्ला काढून घेतला. मी विषाचं सांगायला लागलो, तर दोन हरणांनी मला शिंगांनी ढकलत ओढ्यापलीकडे नेलं. काका मूठभर रानबोरं खाऊन, माझ्या नावानं बोटं मोडत गुहेत गेले.

पण पळी तोंडाला लागली होती का? हे मी पाहिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी रोज गुहेपाशी जाऊन दाराला कान लावायचो. कधी घोरणं ऐकू यायचं. कधी नुसता वारा. ज्या दिवशी वारा, त्या दिवशी मी तिथेच बर्फात बसून राहायचो, घोरणं ऐकू येईपर्यंत. माघातले पाच दिवस नुसताच वारा होता. त्या पाच दिवसांत मी काही खाल्लं नाही, आणि कोणाला काही सांगितलंही नाही.

मग बर्फ वितळला. एका सकाळी गुहेतून वाळलेले, कातडं लोंबणारे अस्वलकाका बाहेर आले. त्यांनी डोळे चोळले, पोटावर हात ठेवला आणि गरजले :

"कुठंय ते डुक्कर? आज त्याचाच रस्सा करतो!"

इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. काका पाठीमागे लागले. मी जिवाच्या आकांतानं पळत होतो आणि मोठमोठ्यानं हसत होतो. खारूताईनं ते झाडावरून पाहिलं आणि जंगलभर सांगितलं, की डुक्कर आता वेडंही झालं.

घुबडसरांनी तक्त्यावर नवी ओळ लिहिली : वर्गात डुकरांना प्रवेश नाही.

तात्पर्य : मुलांनो, स्वच्छ राहावं, शिकलेल्यांचं ऐकावं आणि शंका जेवणानंतर विचाराव्यात. हे सगळं पाळून शिवाय जिवंतही राहायचं असेल, तर पंगतीला एखादं डुक्कर बोलवावं.