थप्पीतल्या तबकड्या

घरातली कुठलीही बिघडलेली वस्तू माझ्या हाती द्या, पहिल्यापेक्षा चांगली करून देतो! लग्नानंतर हे मी विद्युल्लतेला सांगितलं तेव्हा ती नुसती हसली होती. आता हसत नाही. वस्तू लपवते.

फोनोवरच्या गाण्यांच्या तबकड्या मात्र तिला लपवता आल्या नाहीत, कारण प्रश्न माझ्या बहिणीच्या लग्नाचा होता.

विनोदिनीला शरद पसंत होता. शरद मूळचा संकेश्वरचा, बेळगावात मास्तर. वाचनालयात पुस्तकं बदलता बदलता दोघांनी एकमेकांना पसंत करून टाकलं होतं. आता हे स्थळ आपल्यालाच सुचलं असं थोरांना वाटू द्यायचं, एवढंच बाकी होतं. अडचण एकच, शरदचे वडील हरिभाऊ. हा गृहस्थ अलीकडे सदा चिडलेला. एका मुलीला त्यांनी चहा गोड झाला म्हणून नाकारलं होतं आणि दुसरीला चहा अगोड झाला म्हणून!

"आप्पा विरघळतात ते फक्त गाण्यापुढे," शरदनं विनोदिनीला गुपचूप सांगितलं. "तुमच्याकडे फोनो आहे ना? मग झालं!"

फोनो होता. बाबांनी हौसेनं जमवलेल्या तबकड्याही होत्या. पण बाबा गेल्यापासून त्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून होत्या, आणि बेळगावचा पाऊस ट्रंक-कुलूप काही मानत नाही. झाकण उघडलं, तर तबकड्यांवर अशी पांढरी बुरशी, की कुणी दहीभात कालवून ठेवलाय! लढाई चालू असल्यामुळे बाजारात नव्या मिळेनात. जे काही होतं ते हेच.

"अण्णा," विनोदिनी म्हणाली, "बाकी काय वाट्टेल ते बिघडव. हे तेवढं बिघडवू नकोस."

"तबकडी धुण्यात काय अवघड आहे गं? ताट धुता येतं त्याला तबकडी धुता येते!"

आणि खरंच, धुण्यात काही अवघड नव्हतं. रिठ्याचं पाणी केलं, मऊ फडक्यानं एकेक तबकडी पुसली. अशा चमकल्या, की भांग पाडून घ्यावा! आता वाळवायच्या. न्हाणीघराच्या पत्र्यावर विद्युल्लतेनं पापड घातले होते. चैत्रातलं ऊन. मी पापड एका कडेला सारले, तबकड्या ओळीनं मांडल्या आणि समाधानानं जेवायला बसलो. जेवण झालं, तशी थोडी वामकुक्षीही झाली.

जाग आली ती विद्युल्लतेच्या हाकेनं.

"अहो, पापड वाळले. तबकड्यांचे द्रोण झालेत!"

धावत गेलो. लाखेची जात ती! एकूण एक तबकडी कडांनी वर आली होती. भूपाच्या तबकडीत वाटीभर आमटी सहज मावली असती. विनोदिनीनं एक द्रोण हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पाहुणे पुढच्या रविवारी यायचे होते.

अशा वेळी दारात उभे राहिले परशराममामा! हे विद्युल्लतेचे मामा. निपाणीला त्यांची तंबाखूची वखार. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तंबाखूच्या धंद्यात इलाज आहे, असं त्यांचं ठाम मत.

"हात्तिच्या! एवढ्यापायी तोंडं पाडून बसलाय व्हय?" द्रोण उलटासुलटा करत मामा म्हणाले. "जावईबापू, वखारीत पोत्यांची थप्पी लावली की आतनं कशी तापती, ठावं हाय का? वरनं वजन, आतनं ऊब. वाकडं पान इस्त्री केल्यागत सरळ हुतंय! ह्यांचं काय घेऊन बसलाय?"

"पण मामा, एकमेकींना चिकटल्या तर?"

"मला शिकवताय? पापडाला पिठी लावत्यात का न्हाय? तशी मधी मधी काय तरी बारीक भुरभुरतो की!"

काय भुरभुरणार, हे विचारायला हवं होतं. पण बुडत्यानं काडीला कुळ विचारू नये. मी ट्रंक बांधून दिली.

रविवार उजाडला. पाहुणे आले, मामा नाहीत! हरिभाऊ आले, शरद आला, आणि सोबत हरिभाऊंच्या थोरल्या भगिनी मालुबाई आल्या. घरात त्यांचा शब्द चाले. हरिभाऊ बसल्या जागी चुळबुळत होते. चिमूट चोळत, नाकाशी नेत, आणि आक्काकडे पाहून हात खाली घेत.

"तपकीर सोडीवली मी त्याची," मालुबाईंनी अभिमानानं सांगितलं. "आयुष्यभर एक धोतर पांढरं राहिलं न्हाय त्याचं. वाडीला नेलं आणि दत्तापुढं शपथ घातली. दिवाळीपासनं शिवला न्हाय!"

"म्हणूनच माणसासारखा बोलत न्हाय म्हणत्यात मला," हरिभाऊ गुरगुरले. मग चहाचा घोट घेतला, आणि आम्ही सगळे कपाकडे पाहू लागलो. "चहा ठीक आहे. गाणं कुठाय?"

"आत्ता लावतो," मी म्हणालो आणि रिकाम्या फोनोला चावी देऊ लागलो. देतच राहिलो. स्प्रिंग तुटायची वेळ आली, तेव्हा मामा ट्रंक घेऊन घामाघूम आत शिरले.

"मोटार हत्तरगीला पंक्चर झाली! धरा!"

तबकडी बाहेर काढली आणि मला गहिवरून आलं. सपाट! आरशासारखी सपाट! थोडी तांबूस वाटली, पण पुसायला वेळ कुणाला? मी ती चढवली, सुई टेकवली. तबकडी गरगरू लागली आणि कर्ण्यासमोर उन्हाच्या पट्ट्यात एक बारीकसा तांबडा ढग उठला.

पहिला आलाप आला आणि त्यावर विद्युल्लतेची शिंक!

मालुबाई ताठ झाल्या. "शुभ कामाला पयल्यांदाच शिंक?"

"थांबा आक्का," मामा घाईनं म्हणाले, "दुसरी आली की दोष जातोय!"

दुसरी मला आली. "गेला दोष!" मामा ओरडले. लगेच तिसरी शरदला आली. "आला परत!" मालुबाई म्हणाल्या. चौथी विनोदिनीला. आमचं जमणं-मोडणं आता शिंकेगणिक चाललं होतं. गाणं कुणीच ऐकत नव्हतं.

मी मामांना कोपऱ्यात ओढलं. "मामा, मध्ये काय भुरभुरलंत?"

"वखारीत त्याच्याइतकं बारीक दुसरं काय असतंय?" मामा कुजबुजले. "वस्त्रगाळ तपकीर. येक नंबरची! झटकून आणलीया की!"

इतक्यात मालुबाईंना स्वतःलाच शिंक आली. ती नेमकी विषम निघाली. त्या पदर सावरून उठल्या. "हरी, ऊठ. हे स्थळ न्हाय व्हायचं." विनोदिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तपकिरीचं किती आणि स्थळाचं किती, ते सांगता येत नाही.

पण हरी उठला नाही. हरिभाऊ खुर्चीवरून पुढे सरकले. आणखी पुढे सरकले. त्यांनी फोनोवर डोकं वाकवलं, डोळे मिटले आणि एक दीर्घ, अतिदीर्घ श्वास आत घेतला. चेहऱ्यावरची एकेक आठी सुटत गेली. मग त्यांनी अशी शिंक दिली, की सुई पुढच्या कडव्यावर जाऊन पडली!

"वा!" डोळे पुसत ते म्हणाले. "काय गाणं आहे! असं गाणं उभ्या जन्मात ऐकलं नाही. पुन्हा लावा!"

मालुबाईंना वास आलाच. "हरी! ही तपकीर हाय!"

"असेल. मी कुठं ओढतोय? शपथ तपकिरीची हाय आक्का, गाण्याची न्हाय. मी गाणं ऐकतोय." आणि विनोदिनीकडे वळून, त्या घरात कुणी ऐकला नसेल अशा गोड आवाजात ते म्हणाले, "मुली, शरद तुला पसंत असला तर मला तू पसंत आहेस. मानपान काही नको. ह्या तबकड्या तेवढ्या सोबत घेऊन ये."

शपथ शाबूत होती आणि हरिभाऊंची शिंक सहावी, म्हणजे सम; मालुबाई पुन्हा खाली बसल्या. लग्न झालं. तबकड्या संकेश्वरला गेल्या. हरिभाऊ इतके निवळले, की चहा गोड, अगोड, कसाही पिऊ लागले. रोज संध्याकाळी ते फोनोपुढे वाकून बसतात आणि मालुबाई भावाची संगीतातली गोडी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानं सांगतात.

इथं थांबलो असतो तर ठीक होतं. पण गेल्या दसऱ्याला बहिणीच्या सासरी संकेश्वरला गेलो, आणि त्या तबकड्यांची तांबूस दशा मला बघवेना. सारे दुपारचे निजलेले. मी मखमलीचं फडकं घेतलं आणि एकेक तबकडी लख्ख करून ठेवली. उन्हाच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही!

संध्याकाळी हरिभाऊंनी सुई टेकवली आणि डोळे मिटून वाकले. भूप असा निर्मळ, असा खणखणीत निघाला, की रस्त्यावरची माणसं थांबली. हरिभाऊ तसेच वाकून राहिले. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग त्यांनी सुई उचलली.

"तबकडी बिघडली," ते म्हणाले. "कुणी हात लावला हिला?"

विनोदिनीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ट्रंक घेऊन मी निपाणीला निघालो. दुरुस्तीला.