थरथरत्या हंड्याची मोहीम

श्रीविघ्नहर्ता साक्ष. ऐरण, कानस व चिमटा यांस दंडवत घालून, पाहिले-ऐकिले तैसे लिहितो. पदरचे मीठ लाविले असेल तर चिमूटभरच. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी संवत्सरी, पत्र्याच्या छताखाली एक लहानसे राज्य नांदत होते. तेथे शिलाईयंत्राच्या पोलादी पट्ट्या घडत; पट्टी बोटाच्या पेराएवढी, मध्ये भोक, आणि भोकातून दोरा जावयाचा. भोक पाडिले की काठावर लोखंडी कुसळ राहे, आणि कुसळ राहिले की दोरा तुटे. म्हणोन अकरा बायका दिवसभर कानशीने कुसळे घाशीत, आणि रिवाज ऐसा की प्रत्येक पट्टीतून कच्चे सूत ओढावे, सूत तुटले की पट्टी माघारी. या अकराजणींची नाईकीण चांगुणाबाई, वीस वर्षे एकच कानस वापरून तिची मूठ आपल्या हाताच्या आकाराची केलेली. त्या साली खंडेनवमीच्या बोलीने चार हजार पट्ट्यांची मागणी आली, आणि ऐन वेळी बाईंचा उजवा अंगठा सुजून जड जाहला. वैद्य बोलिले, "बाई, कानस सोडा, नाहीतर अंगठा सोडावा लागेल."

मग बाईंनी भाद्रपद वद्य दशमीस धनी बाबजीराव यांजपाशी मसलत मांडिली की, थरथरता हंडा आणावा. हंडा म्हणजे स्प्रिंगांवर बसविलेले मोठे गोल पात्र. आत खडे, साबणाचे पाणी आणि पट्ट्या घालाव्या, खाली मोटार फिरे, हंडा थरथरे, आणि खडे पट्ट्यांस घाशीत सुटत. हे ऐकून नारोपंत दिवाण, ज्यांस हल्ली सुपरवायझर म्हणतात, बहुत संतापले. "पितरपाठात नवं यंत्र? आणि फसलं म्हणजे? घासायचं काम बाहेर देऊन टाकू, अकराजणी घरी बसतील!" बाई बोलिल्या, "फसलं तर मी पहिली घरी जाईन. पण चाललं तर अकराही इथंच राहतील, सूत ओढायला. बोला धनी." धनी बोलिले, "कबूल." आणि दोन दिवसांत हंडा दाखल जाहला.

आता या राज्याचा स्वभाव सांगणे प्राप्त. येथील माणूस मापाचा. खीळ भोकात केसाचीही फट न ठेवता बसली तर कारागीर, नाहीतर हमाल. घरी डब्याचे झाकण सैल निघाले तरी जेवण गोड लागत नसे. त्याच अभिमानाने बाईंनी खडे भोकाच्या बरोबर मापाचे निवडिले, आणि नारोपंतांनीही "माप चोख आहे" म्हणोन मान डोलाविली. सहा तास हंडा गरजला. मग सातशे पट्ट्या उपसल्या, तों बाहेरून लखलखीत, आणि प्रत्येक भोकात एकेक खडा जावयासारखा ठाण मांडून बसलेला! सूत ओढावे कशातून? नारोपंत बोलिले, "बाई, डबा भरा आपला."

बाई रडल्या नाहीत ऐसे लिहिणे लबाडीचे होईल. रडल्या, परंतु हात चालवीतच रडल्या. खिळा आणि हातोडी घेऊन डाव्या हाताने एकेक खडा ठोकून काढू लागल्या, आणि दहाजणी न बोलावता शेजारी येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंची हातोडी मध्येच थांबली. "अगं, बरोबर बसतोय म्हणूनच अडतोय की! भोकात शिरून परत बाहेर येईल असा खडा पाहिजे. जन्मभर बसवायला शिकलो, आता सैल सोडायला शिकू." लागलीच चाळणी मागविली, भोकाच्या तिसऱ्या हिश्श्याचे बारीक खडे घेतले, त्यांत भोकात शिरूच न शकणारे थोर खडे मिसळिले, आणि तीन घमेली खड्यांस एक घमेले पट्ट्या ऐसा हिशेब धरिला, जेणेकरून पट्टी पट्टीवर आपटू नये. आणि हंडा चालविला, आणि रोज चालविला.

आश्विन शुद्ध अष्टमीस नारोपंत स्वतः कच्चे सूत घेऊन बसले. ढिगातून मनास येईल ती पट्टी उचलावी, दर खेपेस नवे सूत ओवावे आणि हिसका द्यावा. दहा जाहल्या, चाळीस जाहल्या, पंतांच्या बोटास सुताचा वळ पडला, परंतु सूत तुटेना. शेवटी खाली मान घालून बोलिले, "बाई, रीळ संपलं." बाई बोलिल्या, "दुसरं आणा पंत. चार हजार आहेत." मग अकराजणींनी एकेक पट्टी ओढून पाहिली, आणि माल वेळेत रवाना जाहला.

खंडेनवमीस हंड्यास झेंडूची माळ घातली, सर्वांनी आपापली हत्यारे पुजेस मांडिली, आणि चांगुणाबाईंनीही आपली कानस हळदकुंकू लावून पाटावर ठेविली. दसरा जाहला, एकादशीस ज्याने त्याने आपले हत्यार उचलिले आणि कामास लागला. एकंदर मोहीम पंधरा-सोळा दिवसांची, हंडा एक, बायका अकराच्या अकरा. कानस मात्र पाटावरून कोणी उचलिली नाही. इतके सांगून लेखणी ठेवितो.